किटमधला मास्क नेमकं काय अडवतो? फवारणीच्या हंगामात विचारायलाच हवा असा प्रश्न

विशेष विश्लेषण

जुलै-ऑगस्ट उजाडला की विदर्भातल्या तालुक्यातालुक्यांत एक ठरलेलं चित्र दिसतं. पंचायत समितीच्या आवारात नाहीतर एखाद्या गावच्या समाजमंदिरात फवारणी सुरक्षा किटचं वाटप होतं. हातमोजे, चष्मा, टोपी, प्लास्टिकचा अ‍ॅप्रन आणि एक पांढरा मास्क. पाहुण्यांच्या हस्ते किट दिली जाते, फोटो निघतो, काळजी घेऊन फवारणी करण्याचं आवाहन होतं आणि कार्यक्रम आटोपतो. आठ दिवसांनी शेतात गेलं तर फवारणाऱ्याच्या तोंडाला तोच जुना दुपट्टा असतो. किट घरी खुंटीला लटकलेली.

यावर कार्यालयातली प्रतिक्रियाही ठरलेली. 'दिलं तरी वापरत नाहीत, मग आम्ही काय करणार?' तक्रार खोटी नाही. पण तिच्याआधी एक प्रश्न येतो आणि तो सहसा कुणी विचारत नाही. समजा त्या मजुराने किटमधला तो पांढरा मास्क लावला असता, तर विष अडलं असतं का? अनेक किटमध्ये जो मास्क असतो तो धुळीसाठी बनलेला असतो. फवारणीत मात्र नाकातोंडात जातात ते बारीक थेंब आणि रसायनाची वाफ. म्हणजे ज्याने मास्क लावला त्यालाही अर्धवटच संरक्षण मिळतं, आणि वर 'मास्क होता' हा खोटा दिलासा. हा फरक समजून न घेता कितीही किट वाटल्या तरी उपयोग मर्यादितच राहणार.

२०१७ चा धडा अर्धाच शिकला

यवतमाळ जिल्ह्याने २०१७ साली जे पाहिलं ते विसरण्यासारखं नाही. त्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात किमान २० शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. कुणाला उलट्या, कुणाला घाम आणि लाळ, कुणाला डोळ्यांपुढे अंधारी. शासनाने अमरावती विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं, मृतांच्या कुटुंबांना २ लाख रुपयांची मदत जाहीर केली आणि पाच कीटकनाशकांवर पश्चिम विदर्भातल्या जिल्ह्यांत ६० दिवसांची तात्पुरती बंदी घातली.

त्या वर्षी बऱ्याच गोष्टी एकत्र आल्या होत्या. कपाशी पुरुषभर वाढलेली. एरवी कमरेच्या उंचीवर होणारी फवारणी त्या वर्षी छातीच्या आणि तोंडाच्या उंचीवर करावी लागली, त्यामुळे तुषार थेट चेहऱ्यावर येत होता. बोंडअळीच्या धास्तीने फवारण्या वाढल्या. दोन-तीन औषधं एकत्र मिसळून मारली गेली. हातपंपाच्या जागी बॅटरी आणि इंजिनचे पंप आले होते. त्यांनी काम झपाट्याने होतं, पण तुषार जास्त उडतो, आणि थेंब जितका बारीक तितका तो हवेत जास्त वेळ तरंगतो. त्यात दमट हवा, पडलेला वारा आणि दिवसाचे आठ-दहा तास काम.

यातून 'सुरक्षा साधनं वापरा' हा धडा घेतला गेला, आणि तो बरोबरच आहे. पण 'कोणतं साधन, कोणत्या विषासाठी' हा त्याचा दुसरा अर्धा भाग तालुका पातळीवर फारसा पोचलाच नाही. कृषी केंद्राच्या काउंटरवर आजही 'भाऊ, एक मास्क द्या' एवढंच म्हटलं जातं, आणि समोर जो असेल तो मास्क दिला जातो. औषधाची बाटली मागताना मात्र तोच शेतकरी पीक, कीड, कंपनी, टक्केवारी सगळं विचारतो. औषध निवडताना दाखवलेली ही चिकित्सा मास्क निवडताना कुठे जाते?

धूळ, थेंब, वाफ, की हवाच नाही?

मास्क निवडण्याची सुरुवात दुकानात होत नाही. ती कामाच्या जागी होते. हवेत नेमकं काय मिसळलंय, हे आधी ठरवावं लागतं. ढोबळमानाने चार प्रकार आहेत.

पहिला, कोरडी धूळ. गिट्टी क्रशरची, पिठाच्या गिरणीची, जिनिंगमधली, पावडर स्वरूपातल्या औषधाची. ती गाळणारा मास्क असला की काम भागतं.

दुसरा, थेंब. फवारणीचा तुषार, स्प्रे पेंटिंगचा फवारा. हे कणच आहेत, पण ओले आणि बऱ्याचदा तेलकट. ते गाळणाऱ्या साध्या मास्कची ताकद लवकर कमी होऊ शकते.

तिसरा, वाफ आणि वायू. औषधातलं द्रावक, रंगातला थिनर, धान्यात ठेवलेल्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फिन वायू. वाफेचे रेणू गाळणीतून सरळ आरपार जातात. मास्कचा कपडा कितीही दाट असो, त्यांना अडवायला सक्रिय कोळशासारखा शोषून घेणारा पदार्थ लागतो. तो ज्या डबीत भरलेला असतो तिला कार्ट्रिज म्हणतात.

चौथा आणि सगळ्यात घातक, हवेत प्राणवायूच कमी असणं. जुनी विहीर, गोबरगॅसची टाकी, सेप्टिक टँक. इथे गाळणारा किंवा शोषणारा कुठलाच मास्क कामाचा नाही, कारण गाळून आत घ्यायला पुरेसा प्राणवायूच उरलेला नसतो.

फवारणीत दुसरा आणि तिसरा प्रकार एकत्र येतात. म्हणून थेंब गाळणारी गाळणी आणि वाफ शोषणारी कार्ट्रिज, दोन्ही असलेला मास्क लागतो. एकच असेल तर अर्धं काम होतं.

दुपट्टा का नको, एन९५ का अपुरा?

दुपट्टा उन्हापासून वाचवतो, यात वाद नाही. पण फवारणीत तो उलटा घात करतो. तुषाराने तो भिजतो आणि भिजलेलं कापड तासन् तास नाकातोंडाला आणि गालाला चिकटून राहतं. विष बाहेर ठेवण्याऐवजी ते तोंडाशी धरून ठेवलं जातं. दुपारी त्याच दुपट्ट्याने घाम पुसला आणि त्याच्याच टोकाला हात पुसून भाकर खाल्ली, की विषाला पोटाचाही रस्ता मिळतो. दवाखान्यातला निळा सर्जिकल मास्क कडेने मोकळा असतो, त्यामुळे तोही यासाठी नाही.

कोरोनाने एन९५ घराघरांत पोचवला. मास्क चांगला आहे, पण त्याच्या नावातच त्याची मर्यादा लिहिलेली आहे. ९५ म्हणजे ठरावीक चाचणीत अगदी बारीक कणांपैकी किमान ९५ टक्के कण तो अडवतो. आणि 'एन' म्हणजे तेलकट थेंबांसाठी नाही. युरोपीय पद्धतीचे एफएफपी१, एफएफपी२, एफएफपी३ हे मास्क अनुक्रमे किमान ८०, ९४ आणि ९९ टक्के कण अडवतात. आपल्याकडे अशा मास्कसाठी आयएस ९४७३ हे भारतीय मानक आहे. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. ते कणांसाठी आहेत, वाफेसाठी नाहीत.

मग औषधाच्या लेबलवर बघायचं काय? नावापुढची अक्षरं बघायची. 'ईसी' लिहिलं असेल तर औषध तेलकट द्रावकात विरघळवलेलं आहे. बाटली उघडल्याबरोबर जो उग्र वास येतो त्यात हे द्रावक असतंच. इथे कार्ट्रिज असलेला मास्क हवा. 'डब्ल्यूपी' म्हणजे पाण्यात मिसळायची भुकटी. ती मिसळताना धूळ उडते, तिथे किमान एन९५ किंवा एफएफपी२ दर्जाची गाळणी हवीच.

इथे आणखी एक गैरसमज आहे. अनेकांना वाटतं, डब्यावरचा त्रिकोण हिरवा किंवा निळा असला की मास्कची गरज नाही. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग ते औषध पोटात गेलं किंवा कातडीला लागलं तर किती घातक आहे यावरून ठरतात. लाल सगळ्यात जहाल, हिरवा सगळ्यात सौम्य. श्वासासाठी कोणता मास्क लागेल हे तो रंग सांगत नाही. त्यासाठी डब्यासोबतची घडीपत्रिका वाचावी लागते. ती बहुधा इतक्या बारीक अक्षरात असते की चष्मा लावूनही वाचवत नाही. कृषी सहायकाने गावात सांगायची पहिली गोष्ट हीच असायला हवी.

कार्ट्रिज मास्क घेताना काय बघावं?

रबराचा किंवा सिलिकॉनचा, नाक-तोंड झाकणारा आणि एक किंवा दोन डब्या बसवलेला अर्धा मास्क फवारणीसाठी साधारणपणे योग्य ठरतो. सोबत बंद कडांचा चष्मा हवा. बाजारात स्वस्त नकलाही आहेत. काही मास्कच्या डबीत कोळसा नसतोच, नुसता स्पंजचा तुकडा असतो. म्हणून घेताना या गोष्टी तपासाव्यात.

• मास्कवर आयएस १४७४६ आणि कार्ट्रिजवर आयएस १५३२३ हे मानक क्रमांक, किंवा त्याच तोडीची मान्यता छापलेली आहे का?
• कार्ट्रिजचा पट्टा कोणत्या रंगाचा आहे? युरोपीय आणि भारतीय पद्धतीत सेंद्रिय वाफेसाठी तपकिरी, अमोनियासाठी हिरवा आणि कणांसाठी पांढरा पट्टा असतो. फवारणीला तपकिरी आणि पांढरा असे दोन्ही पट्टे हवेत. अमेरिकी पद्धतीच्या कार्ट्रिजवर सेंद्रिय वाफेचा रंग काळा असतो. त्यावर वेगळी गाळणी बसवावी लागते.
• सीलबंद पाकिटावर मुदत छापलेली आहे का? पाकीट फुटलं की कोळसा हवेतली ओल आणि वास शोषायला लागतो, मास्क वापरात असो वा नसो.
• त्याच मास्कला बसणाऱ्या सुट्या कार्ट्रिज पुन्हा मिळतात का? मिळत नसतील तर तो मास्क एका हंगामाचाही नाही.

कार्ट्रिज बदलायची कधी, हा पुढचा प्रश्न. 'वास यायला लागला की बदला' हा सल्ला अपुरा आहे. काही विषांना वास नसतो, आणि सतत वास घेऊन नाकही बधिर होतं. अमेरिकेत शेतमजुरांसाठीचा नियम असा आहे की वास आला किंवा श्वासाला त्रास झाला तर लगेच, आणि लेबलवर वा कंपनीने वेगळं सांगितलं नसेल तर एकूण ८ तासांच्या वापरानंतर कार्ट्रिज बदलायची. आपल्याकडेही हाच हिशेब सोपा पडतो. डबीवर पेनाने तारीख आणि तास लिहायचे. काम झालं की मास्क पुसून हवाबंद डब्यात किंवा झिपच्या पिशवीत ठेवायचा. औषधाच्या खोलीत खुंटीला टांगला तर कोळसा रात्रभर तिथलाच वास शोषत राहतो आणि त्याची ताकद कमी होते.

चेहऱ्याला बसला नाही तर मास्क नाहीच

हजार रुपयांचा मास्क आणि गालाशी बोटभर फट असेल, तर हवा फटीतूनच आत येणार. श्वास नेहमी सोपी वाट धरतो. नीट बसलेला अर्धा मास्क आतल्या हवेतलं विष बाहेरच्या साधारण दहाव्या हिश्श्यावर आणतो, आणि पूर्ण चेहऱ्याचा मास्क पन्नासाव्या हिश्श्यावर, असं साधारणपणे धरलं जातं. 'नीट बसलेला' ही त्यातली अट आहे.

तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. मास्क लावून कार्ट्रिजची तोंडं तळहाताने झाकायची आणि हळू श्वास आत ओढायचा. मास्क चेहऱ्याकडे ओढला जाऊन तसाच राहिला तर ठीक. कुठून हवा शिरली तर पट्टे पुन्हा आवळायचे. दोन पट्ट्यांपैकी एक डोक्याच्या वरच्या भागावर आणि दुसरा मानेमागे असायला हवा. नुसत्या कानात अडकवायच्या मास्कला अशी पकड सहसा नसते.

दाढीचा मुद्दा नाजूक आहे, पण टाळता येत नाही. चार दिवसांची वाढलेली दाढीही मास्क आणि कातडी यांच्यात फट ठेवते. एकाच मापाचे मास्क सरसकट वाटले तर लहान चेहऱ्याच्या माणसाला ते बसत नाहीत. यात बाया हमखास सुटतात. पंप सहसा गड्याच्या पाठीवर असतो, पण पाणी आणून देणं, औषध कालवणं, टाकी भरणं ही कामं अनेक घरी बायाच करतात. आणि औषध सगळ्यात तीव्र असतं ते कालवतानाच. वाटपाच्या यादीत त्यांचं नाव क्वचितच असतं.

फवारणीपलीकडे: क्रशर, जिनिंग, विहीर

हाच प्रश्न तालुक्यातल्या इतर कामांनाही लागू पडतो. दगडखाण आणि गिट्टी क्रशरवर कार्ट्रिजची गरज नाही, तिथे शत्रू दगडातल्या सिलिकाची धूळ आहे. ही धूळ फुफ्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि त्यावर आजही खात्रीचा इलाज नाही. खोकला आणि दम बघून अनेकदा क्षयरोग समजून उपचार सुरू होतात. तिथे आधी पाणी मारून धूळ दाबायची, क्रशर झाकायचा आणि मग किमान एन९५ किंवा एफएफपी२ मास्क रोज बदलून द्यायचा. एकच मास्क महिनाभर वापरायला देणं म्हणजे न देण्यासारखंच.

जिनिंगमध्ये कापसाचे तंतू आणि धूळ असते. वर्षानुवर्षं तिथे काम करणाऱ्यांना सुट्टीनंतर कामावर परतलं की छाती आवळल्यासारखी वाटते. हा दम अंगवळणी पडला म्हणून सोडून द्यायचा नसतो. इथेही कणांचाच मास्क लागतो, आणि धूळ ओढून घेणारे पंखे त्याहून आधी.

विहीर आणि टाकीचं प्रकरण पूर्ण वेगळं आहे. साध्या हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो. तो १९.५ टक्क्यांखाली गेला की जागा धोक्याची मानतात. आणखी खाली गेला की माणूस सावध व्हायच्या आधीच कोसळतो. गोबरगॅसच्या टाकीत आणि सेप्टिक टँकमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतो. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो, प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास थांबतो. वास गेला म्हणून वायू गेला असं समजून माणूस खाली उतरतो. विहिरीत डिझेल इंजिन उतरवलं तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला तर वासच नसतो. एकाला काढायला दुसरा आणि दुसऱ्याला काढायला तिसरा उतरतो, आणि एकाच घरातली माणसं जातात. अशा जागी फवारणीचा चांगला कार्ट्रिज मास्क लावून उतरणंही जिवावर बेतू शकतं. बाहेरून नळीने हवा पुरवणारं किंवा पाठीवर हवेची टाकी असलेलं साधन, वायू मोजणारं यंत्र, कमरेला दोर आणि वर माणसं, यातलं काहीही नसेल तर खाली उतरायचं नाही.

कायदा म्हणतो काय, आणि खर्च कोणाचा?

कायद्याला हा फरक माहीतच नाही असं नाही. कीटकनाशक नियम, १९७१ मधला नियम ३९ संरक्षक कपड्यांबद्दल आहे आणि नियम ४० श्वसन साधनांबद्दल. विषारी धूळ, वाफ किंवा वायू श्वासात जाऊ नये म्हणून कार्ट्रिज असलेला मास्क, बाहेरून हवा पुरवणारं साधन, डबी बसवलेला गॅस मास्क अशा साधनांची नावं त्यात आहेत. म्हणजे पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीच्या नियमाने जे ओळखलं, ते आजच्या वाटपाच्या किटमध्ये अनेकदा सापडत नाही.

अडचण अंमलबजावणीची आहे. कारखान्यात निरीक्षक जातो, रजिस्टर असतं, मालकावर जबाबदारी असते. शेतात मालकच पाच एकरांचा. तो मजुराला पंपामागे पैसे देतो. जितके पंप जास्त, तितकी मजुरी जास्त. अशा हिशेबात मास्क काढून दम घेणं, वारा सुटला म्हणून थांबणं, दुपारी सुट्टी घेणं हे सगळं मजुराच्या खिशातून जातं. शासनाचे कीटकनाशक निरीक्षक दुकानातल्या औषधाचे नमुने तपासतात. फवारणाऱ्याच्या तोंडावर काय आहे, हे बघायला धुऱ्यावर कुणी जात नाही.

नुकसानभरपाईतही हीच दरी आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत कीटकनाशकाची विषबाधा धरली जाते आणि मृत्यू झाल्यास कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. पण योजना सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्यासाठी आहे. दुसऱ्याच्या शेतात पंप पाठीवर घेणारा भूमिहीन मजूर, ज्याच्या अंगावर सगळ्यात जास्त तास विष उडतं, तो या चौकटीबाहेर राहतो.

खर्चाचं गणितही सरळ आहे. धुळीचा कागदी मास्क काही रुपयांत येतो. चांगला कार्ट्रिज मास्क शेकड्यांत किंवा हजारात जातो, आणि वर कार्ट्रिज बदलायचा खर्च. पंधरा दिवसांच्या कामासाठी मजूर तो घेणार नाही, आणि त्याने घ्यावा अशी अपेक्षाही चुकीची आहे. शेतमालकाला एकट्याला जड वाटत असेल, तर पाच-सहा जणांनी मिळून मास्क घेता येतो, हंगामात पंप भाड्याने घेतात तसाच. फक्त प्रत्येक वेळी तो साबणाने धुवायचा आणि कार्ट्रिजचे तास लिहायचे.

मास्क ही शेवटची पायरी

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. फवारणीत शरीरात जाणाऱ्या विषाचा मोठा वाटा कातडीतून जातो. गळका पंप, ओली पाठ, उघडे पाय, कालवताना बुडवलेला हात. तोंडावर उत्तम मास्क आणि अंगात बनियन असेल तर त्या मास्कचा अर्थ उरत नाही. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, गमबूट आणि मास्क हे सगळं एकत्र असलं तरच संरक्षण.

आणि यातही विदर्भाच्या उकाड्यात हे सगळं चढवून आठ तास राबणं माणसाला शक्य नाही, हे मान्य करायला हवं. जागतिक अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या कीटकनाशकविषयक आंतरराष्ट्रीय आचारसंहितेत हेच म्हटलं आहे. ज्या औषधांसाठी त्रासदायक, महागडी किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधनं लागतात, ती टाळावीत, विशेषतः उष्ण हवामानातल्या लहान शेतकऱ्यांनी आणि मजुरांनी. म्हणजे मास्क निवडण्याच्या आधी औषध निवडायचं. सौम्य औषध चालत असेल तर जहाल कशाला? एक पुरत असेल तर तीनचं मिश्रण कशाला? कामगंध सापळे लावून खरंच फवारणीची गरज आहे का, हे आधी बघता येतं. त्यानंतर वेळ: सकाळी लवकर किंवा सांजेला, वाऱ्याकडे पाठ करून, सलग दोन-तीन तासांहून जास्त नाही. एवढं केल्यावर जे उरतं त्यासाठी मास्क.

यात मजुराला दोष देण्याची सोय राहत नाही. किट वाटली आणि त्याने वापरली नाही, एवढ्यावर विषय संपवता येत नाही. चुकीचं औषध, चुकीची वेळ आणि चुकीचा मास्क देऊन वर 'काळजी घ्या' म्हणणं म्हणजे जबाबदारी सगळ्यात दुबळ्या खांद्यावर टाकणं आहे.

या हंगामात तालुक्यात काय होऊ शकतं?

मोठ्या योजनेची वाट न बघता काही गोष्टी आत्ताच होऊ शकतात. तालुका कृषी कार्यालयाने किटच्या खरेदीत नुसतं 'मास्क' न लिहिता मास्कचा आणि कार्ट्रिजचा मानक क्रमांक लिहावा. कृषी केंद्राने औषधाच्या बिलासोबत त्याला कोणता मास्क लागतो हे मोठ्या अक्षरात सांगावं आणि सुट्या कार्ट्रिज ठेवाव्यात. ग्रामपंचायतीला किंवा शेतकरी उत्पादक कंपनीला चार-सहा चांगले मास्क ठेवून हंगामात फिरते देता येतील. फवारणीची मजुरी पंपामागे न ठरवता तासावर किंवा रोजाने ठरली, तर थांबणं मजुराला परवडेल. आणि आशा सेविकेकडे गावातल्या फवारणी करणाऱ्यांची यादी असली, तर डोकेदुखी-उलट्या सुरू झालेला माणूस रात्रभर घरी पडून राहणार नाही.

कारण लक्षणं दिसली की वेळ दवडून चालत नाही. मळमळ, जास्त लाळ, घाम, अंधुक दिसणं, छाती भरून येणं, यातलं काहीही जाणवलं तर फवारणी थांबवून कपडे काढायचे, अंग साबणाने धुवायचं आणि १०८ ला फोन करायचा. सोबत औषधाची बाटली किंवा तिचं लेबल न्यायलाच हवं. कोणतं विष आहे हे कळलं तर डॉक्टरांना योग्य उतारा लवकर देता येतो.

पुढच्या वाटपाच्या कार्यक्रमात किट हातात पडली की कुणीतरी उभं राहून एवढंच विचारावं: 'साहेब, हा मास्क धुळीचा आहे की औषधाचा?' उत्तर आलं नाही, तर किटचा फोटो काढण्याआधी ते शोधायला हवं.